पाच हजारांचा कागद, पन्नास हजारांचं तारण

१८६५ साल उजाडलं तेव्हा मुंबईत ३१ बँका होत्या. शिवाय १६ 'फायनान्शियल असोसिएशन', ८ जमीन कंपन्या, कापूस दाबून गाठी बांधणाऱ्या १६ प्रेस कंपन्या, १० जहाज कंपन्या आणि २० विमा कंपन्या. दहा वर्षांपूर्वी भागभांडवलावर चालणाऱ्या कंपन्या या शहरात जेमतेम दहा होत्या. पुढच्या दोन वर्षांत या यादीतल्या बऱ्याचशा कंपन्या बुडाल्या आणि जाताना शहराची सगळ्यात जुनी, निमसरकारी बँकही आतून पोखरून गेल्या.

या प्रकरणाला इंग्रजीत 'शेअर मेनिया' म्हणतात. आपल्याकडे ते साधारणपणे लोभाची गोष्ट म्हणून सांगितलं जातं: पैसा आला, लोक पिसाळले, देवाने शिक्षा दिली. मला ही गोष्ट तशी पटत नाही. लोभ १८५५ मध्येही होता आणि आजही आहे. १८६३ ते ६५ मध्ये त्याला जे मिळालं ते कायद्याचं एक कलम होतं, आणि ते कलम 'तारण' या अगदी साध्या शब्दाबद्दल होतं. ट्रेडिंग अ‍ॅपवर 'प्लेज' किंवा 'मार्जिन'चं बटण दिसलं की मला हे प्रकरण आठवतं, म्हणून ते नीट सांगावंसं वाटलं.

सुरुवात मुंबईपासून हजारो मैल दूर झाली. १२ एप्रिल १८६१ रोजी अमेरिकेत फोर्ट सम्टरवर तोफा डागल्या गेल्या आणि यादवी युद्ध पेटलं. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या तोवर आपल्या कापसापैकी जवळजवळ चार पंचमांश कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडून आणत होत्या, म्हणजे गुलामांनी वेचलेला कापूस. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली आणि हा पुरवठा आटला. गिरण्या बंद पडल्या, कामगार उपाशी राहू लागले. पर्याय म्हणून सगळ्यांची नजर वळली ती हिंदुस्थानच्या कापसाकडे. लिव्हरपूलच्या बाजारात याला 'सुरती' म्हणत. आखूड धाग्याचा, कचरा असलेला, गिरणीवाल्यांचा नावडता माल. पण दुसरा मिळतच नव्हता. काही वर्षांत याच सुरती कापसाचा भाव चौपटीच्या वर गेला. मुंबईत लोकांनी गाद्या उसवून आतला कापूस विकल्याचे किस्से सांगितले जातात. ते खरे असोत वा नसोत, भाव ऐकून त्यावर विश्वास बसतो.

युद्धाच्या चार-साडेचार वर्षांत मुंबईला नेहमीच्या भावापेक्षा सुमारे सात-आठ कोटी पौंड जास्त मिळाले, असा अंदाज पुढे मांडला गेला. त्यात बराच वाटा चांदीचा. जहाजं कापूस घेऊन जायची आणि चांदी घेऊन यायची. गुजरात, खानदेश, वऱ्हाडातल्या काळ्या जमिनीतून निघालेला हा पैसा अडते, दलाल, निर्यातदार अशी वळणं घेत शेवटी मुंबईच्या कोटात साचला. गोविंद नारायण माडगांवकरांचं 'मुंबईचे वर्णन' १८६३ मध्ये छापून झालं होतं. ते आणखी दोन वर्षं थांबले असते तर त्यांना काही प्रकरणं पुन्हा लिहायला लागली असती.

आता प्रश्न असा, की साचलेल्या पैशाने करायचं काय? आणखी कापूस पेरता येतो, पण पीक यायला हंगाम लागतो. गिरण्या काढता येतात, पण त्याला यंत्रं लागतात, वर्षं लागतात. घाईत असलेल्या पैशाला एकच गोष्ट झटपट तयार करता आली: कंपन्या.

शेअर म्हणजे कंपनीतला हिस्सा, हे आपल्याला माहीत असतं. त्यामागची अट मात्र तेव्हा ताजी होती. जुन्या भागीदारीत धंदा बुडाला की सावकार भागीदाराच्या घरातली भांडीही उचलू शकत असे. १८५७ च्या कायद्याने हिंदुस्थानात 'मर्यादित जबाबदारी' आणली: कंपनी बुडाली तर तुमच्या शेअरची जेवढी रक्कम ठरली असेल तेवढीच जाईल, घरदार नाही. बँकांना ही सवलत १८६० मध्ये मिळाली. अनोळखी माणसांनी एकत्र येऊन रेल्वे किंवा गिरणीसारखी मोठी कामं उभी करावीत यासाठी ही तरतूद फार मोलाची होती, आणि आहे. पण तिने एक गोष्ट सहज बदलली. पूर्वी भागीदार व्हायचं तर धंदा कळावा लागे. आता शेअरचा भाव कळला तरी पुरत होतं.

त्यातून शेअरची रक्कम एकदम भरायची नसे. ५०० रुपयांचा शेअर असेल तर आज १०० भरा, उरलेले कंपनी मागेल तेव्हा हप्त्याहप्त्याने. या मागणीला 'कॉल' म्हणत. आज हप्त्यावर फोन घेणाऱ्याला हे लगेच कळेल, पण एक फरक आहे. फोनचा हप्ता कोणत्या तारखेला ते ठरलेलं असतं. इथे हप्ता कधी मागायचा हे कंपनी ठरवणार, आणि तिला पैशाची निकड सहसा तेव्हाच भासते जेव्हा तुमच्याकडेही पैसे नसतात. चढत्या बाजारात मात्र याचा कोणी विचार करत नव्हतं. १०० भरले की शेअरवर १५० चा प्रीमियम मिळतोय, मग विकून मोकळं व्हायचं. उरलेले ४०० ज्याच्या हातात शेवटी शेअर असेल तो बघेल.

या सगळ्या कंपन्यांचा राजा म्हणजे बॅक बे रेक्लमेशन कंपनी. मलबार हिल ते कुलाबा हा जो वाकडा किनारा आहे, तिथला समुद्र भरून जमीन काढायची आणि विकायची, रेल्वेलाही त्यातली द्यायची, असा बेत. बेत वेडगळ नव्हता. मुंबईच मुळात भराव घालून जोडलेली बेटं. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी त्याच सुमारास कोटाच्या भिंती पाडायला काढल्या होत्या, शहर पसरत होतं, जागेची टंचाई खरी होती. या कंपनीच्या शेअरवर ५,००० रुपये भरलेले होते. भर बाजारात तो ५०,००० रुपयांवर गेला. अजून पाण्यातून धड बाहेर न आलेल्या जमिनीची ही किंमत.

इथवर ही नेहमीच्या फुग्याची गोष्ट आहे, आणि फुगा एवढाच असता तर त्याने खिशात पैसे असलेल्या लोकांचे खिसे रिकामे केले असते. त्याला शहर बुडवण्याइतकं मोठं केलं ते बँक ऑफ बॉम्बेने.

ही बँक १८४० साली सनदेने निघाली. सरकार तिचं भागधारक, संचालक मंडळात सरकारी माणसं. तिच्या मूळ नियमांत बंधनं कडक होती. कोणत्या तारणावर कर्ज द्यायचं ते लिहिलेलं: सरकारी रोखे, सोनं-चांदी, वखारीतला माल. कंपन्यांच्या शेअरवर कर्ज देणं त्यात बसत नव्हतं. एका माणसाला किती द्यायचं यालाही मर्यादा होती. या बँकेला स्वतःच्या नोटा काढायचा अधिकार होता आणि तो तिच्या कमाईचा मोठा भाग होता. १८६१ च्या कागदी चलनाच्या कायद्याने सरकारने नोटा काढणं स्वतःकडे घेतलं. बँकेचं एक दुकान बंद झालं. मग तिला दुसरं काहीतरी द्यायला हवं होतं, म्हणून धंद्यावरची बंधनं सैल करायची मागणी आली आणि १८६३ च्या दहाव्या कायद्याने ती झाली. कंपन्यांच्या शेअरच्या तारणावर कर्ज द्यायला आता बँक मोकळी होती.

तारण. तारतं ते तारण. कर्जदाराने पैसे बुडवले तर सावकाराला जे तारेल ते. सोनं चांगलं तारण का? कारण तुम्ही कर्ज फेडू शकला नाहीत म्हणून सोन्याचा भाव पडत नाही. तुमची अडचण आणि तारणाची किंमत यांचा एकमेकांशी संबंध नसतो. सावकारीचं सगळं गणित या वेगळेपणावर उभं आहे. गावचा सोनार किंवा पेढीवाला हे पुस्तक न वाचता जाणतो.

आता शेअरचं बघू. आकडे सोपे करण्यासाठी मी मनाचे घेतो. समजा तुमच्याकडे १,००० रुपये आहेत. त्यांचे शेअर घेतले, बँकेत तारण ठेवले. बँक किमतीच्या ८० टक्के देते, म्हणजे ८००. त्यांचे आणखी शेअर घेतले, तेही ठेवले, ६४० मिळाले. असं करत गेलात तर शेवटी तुमच्याकडे ५,००० रुपयांचे शेअर आणि ४,००० रुपयांचं कर्ज. भाव ५० टक्के वाढला तर शेअर झाले ७,५००, कर्ज तेवढंच, तुमचे हजाराचे साडेतीन हजार झाले. तुम्ही हुशार ठरलात. भाव २० टक्के पडला तर शेअर ४,०००, कर्ज ४,०००, तुमचे हजार गेले. २५ टक्के पडला तर बँकेचेही अडीचशे गेले. उसन्या पैशाने आपली ताकद अशी कैकपटीने वाढवणं, यालाच आज 'लिव्हरेज' म्हणतात. ते दोन्ही बाजूंना सारखंच चालतं.

पण यातली खरी मेख पुढे आहे. एकट्या तुम्ही हे केलंत तर बाजाराला काही फरक पडत नाही. अख्खं शहर करू लागलं की बँकेने दिलेला प्रत्येक रुपया पुन्हा शेअरच्याच खरेदीला येतो. त्याने भाव चढतो. भाव चढला की तेच तारण जास्त किमतीचं होतं. म्हणून बँक त्यावर आणखी कर्ज देते. ते पुन्हा खरेदीला येतं. मांडवात गाणारा चुकून माइक घेऊन कर्ण्यासमोर गेला की काय होतं आठवा: कर्ण्यातून आलेला आवाज माइकमध्ये जातो, मोठा होऊन कर्ण्यातून येतो, पुन्हा माइकमध्ये जातो, आणि दोन सेकंदांत कान फाडणारी शीळ. कोणी काही गात नसतं. बॅक बेचा ५०,००० चा भाव बराचसा ही शीळ होती. बँक आपल्याच कर्जाची किंमत तारण म्हणून मोजत होती.

बँकेच्या वहीत अर्थात हे दिसत नव्हतं. वहीत दिसत होतं की कर्ज दिलंय आणि त्याहून जास्त किमतीचं तारण हातात आहे. शिवाय तारण वेगवेगळ्या कंपन्यांचं, म्हणजे धोका वाटला गेलाय. तो वाटला गेला नव्हता. त्या १६ फायनान्शियल असोसिएशनचा मुख्य धंदाच दुसऱ्या कंपन्यांच्या शेअरवर पैसे देणं हा होता. नावं वेगळी होती, पण सगळ्यांच्या पोटात एकच माल होता. सॉफ्टवेअरमध्ये दोन सर्व्हर ठेवले आणि दोघांची वायर एकाच प्लगमध्ये खोचली तर त्याला बॅकअप म्हणत नाहीत.

या जागी प्रेमचंद रायचंद यांचं नाव यायलाच हवं. जन्म सुरतेचा, जैन कुटुंबातला. इंग्रजी लिहिता-वाचता येणारे पहिले देशी दलाल म्हणून त्यांची ओळख. नव्या कंपनीचे शेअर कोणाला वाटायचे यात त्यांचा शब्द चाले, आणि वाटपात शेअर मिळणं म्हणजे हातात रोख प्रीमियम पडणं. बँक ऑफ बॉम्बेच्या सेक्रेटरींवर त्यांचं वजन एवढं होतं की त्यांच्या शिफारशीवर मोठाली कर्जं सुटत. काही कर्जं तर धड तारणाशिवाय, एकट्या सहीवर. याच दिवसांत त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्याला आईचं नाव: राजाबाई. त्यांना खलनायक करणं सोपं आहे आणि अनेकांनी ते केलंय. पण एक दलाल बँकेला वाकवू शकतो तेव्हा दलालाइतकंच बँकेकडेही बघायला हवं. संचालकांनी काय पाहिलं? या काळात बँकेने आपलं भांडवलही सुमारे ५२ लाखांवरून २ कोटी ९ लाखांवर नेलं होतं. बँकेचा स्वतःचा ५०० रुपयांचा शेअर २,८५० ला विकला जात होता. बाजार चढा असेपर्यंत सगळे संचालक शहाणेच दिसत असणार.

शेअरच्या वर वायद्याचे मजले चढले होते. वायदा म्हणजे आज भाव ठरवायचा आणि देणं-घेणं पुढच्या ठरलेल्या दिवशी. मुळात शेतमालासाठी ही उपयोगी सोय आहे, पिकाआधी भावाची खात्री मिळते. पण वायद्यात आज खिशातून काही काढावं लागत नाही, त्यामुळे नसलेल्या पैशाने नसलेले शेअर घेता-विकता येतात. मुंबईत असे असंख्य सौदे १ जुलै १८६५ या एकाच दिवसासाठी झाले होते. क ने ख कडून घेतले, ख ने ग कडून, ग ने घ कडून. साखळीत प्रत्येकाला वाटत होतं की मला येणं आहे त्यातून मी देणं देईन. (सेबीच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे तीन वर्षांत शेअर वायदे-पर्यायांत उतरलेल्या दर १०० किरकोळ लोकांपैकी ९३ जणांनी पैसे गमावले. तेव्हाचा असा अहवाल नाही, पण आकडा फार वेगळा आला असता असं वाटत नाही.)

युद्ध संपणार या अफवांनी कापूस १८६४ च्या अखेरीपासूनच डळमळू लागला होता. ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली शरण आला. अमेरिका आणि युरोपला जोडणारी समुद्राखालची तार अजून चालू व्हायची होती. बातमी जहाजाने अटलांटिक ओलांडून आली आणि तिथून पुढे पसरली. कापूस कोसळला. मे महिन्यात बेहरामजी होरमसजी कामा हे बडे पारशी व्यापारी बुडाले आणि लोकांना कळलं की आता कोणीही बुडू शकतं.

कळल्याबरोबर जे होतं तेच झालं. बँकेने तारणावर पैसे परत मागितले. पैसे द्यायला लोकांनी शेअर विकायला काढले. सगळ्यांनी एकदम विकायला काढल्यावर भाव पडला, म्हणून तारण आणखी कमी पडलं, म्हणून बँकेने आणखी मागितले. तीच शीळ, उलट्या दिशेने. अशात कंपन्यांचे कॉल येऊ लागले, उरलेले हप्ते भरा म्हणून. इथे 'तरलता' या जड शब्दाचा अर्थ कळतो. भाव कागदावर लिहिलेला असतो, पण त्या भावाने घेणारा समोर उभा असला तरच त्याला अर्थ. १ जुलैला घेणारे नव्हतेच. वायद्यांची साखळी सोडवायला गेले तर प्रत्येक कडी पुढच्या कडीकडे बोट दाखवत होती. बॅक बेचा शेअर २,००० च्या खाली गेला. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० चा शेअर एका टप्प्यावर ८७ रुपयांना विकला गेला.

बुडालेल्यांत फक्त सटोडिये नव्हते. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर, अजिंठ्याचे शिलालेख वाचणारे भाऊ दाजी लाड यांची कमाई यात गेली. जमशेटजी टाटा तेव्हा पंचविशीतले, लंडनमध्ये होते. त्यांच्या घरच्या पेढीला देणी भागवायला मालमत्ता विकावी लागली. नावं माहीत असलेले लोक हे. हमाल, गवंडी, भराव घालणारे मजूर, कारकून यांचं काय झालं त्याची वही कोणी ठेवली नाही. एक आकडा तेवढा आहे: १८७२ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ६,४४,४०५ भरली. १८६४ मध्ये ती ८,१६,५६२ होती. आठ वर्षांत पावणेदोन लाख माणसं कमी. दोन्ही शिरगणतींच्या पद्धतीतला फरक वजा केला तरी यात काम संपल्यावर गावाकडे परतलेले लोक मोठ्या संख्येने असणार.

बँक आणखी काही काळ धुगधुगी धरून होती. १८६८ मध्ये ती मोडीत निघाली. जवळजवळ सगळं भांडवल बुडालं होतं. सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. त्याने दुबळ्या आणि तत्त्वशून्य सेक्रेटरींवर, निष्काळजी संचालकांवर, त्या असामान्य काळावर ठपका ठेवला. पण कारणांत १८६३ चा कायदाही होता: या कायद्याने बँकेला जो धंदा करू दिला तो बँकेने करायचा धंदाच नव्हता. मला हा अहवाल प्रामाणिक वाटतो तो यासाठी. सरकारने नेमलेल्या आयोगाने सरकारने केलेल्या कायद्याकडे बोट दाखवलं, हे आजही रोज घडत नाही. त्याच वर्षी त्याच नावाची नवी बँक निघाली. ती १९२१ मध्ये इंपीरियल बँकेत आणि तिच्यामार्गे १९५५ मध्ये स्टेट बँकेत आली.

प्रेमचंद त्यातून उठले, १९०६ पर्यंत जगले. राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला.

आणि जिथून कापूस आला तिथे काय झालं? इथे जरा जपून बोलायला हवं, कारण सगळ्या गोष्टी एका दोरीत ओवायचा मोह होतो. १८७५ चे दख्खनचे दंगे ज्या पुणे-नगरच्या गावांत झाले तो काही कापसाचा मुख्य मुलूख नव्हता, आणि शेअर बाजार पडला म्हणून दंगे झाले असं कोणी म्हणत असेल तर ते घाईचं आहे. पण तारणाची गोष्ट तिथेही आहे. तेजीच्या वर्षांत शेतमालाचे भाव चढले, जमिनीला किंमत आली, आणि जमीन गहाण ठेवून सावकार सढळ हाताने देऊ लागला. मग भाव उतरले, त्याच सुमारास सरकारने सारा वाढवला आणि सावकाराने हात आखडता घेतला. जमिनीची किंमत आणि कुणब्याची ऐपत दोन्ही एकाच वेळी खाली आल्या. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजाराच्या दिवशी लोकांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली. पुढे गावोगाव हेच झालं. मागणी बहुतेक ठिकाणी एकच होती: खतं द्या. दिली की ती जाळत. जिथे सावकाराने मुकाट्याने खतं काढून दिली, तिथे त्याला सहसा हात लावला गेला नाही. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला आणि खतावर लिहिलेल्या आकड्याच्या मागे जाऊन मुळात किती दिले होते हे तपासायची मुभा कोर्टाला मिळाली.

सुप्यात खतं जळाली त्याच १८७५ च्या जुलैत, मुंबईत टाउन हॉलच्या आसपासच्या वडाखाली सौदे करत मोठ्या झालेल्या दलालांनी आपली संघटना बांधली. ३१८ जण, प्रवेश फी एक रुपया. आजचा मुंबई शेअर बाजार तो हाच.